पाठीवर पंप, खांद्यावर दप्तर. मग मुंग्या बोटांत का येतात?

पावसाळा लागला की सांगली-साताऱ्याच्या शिवारात पाठीवरचे पंप बाहेर निघतात. कुठे उसातलं तण मारायचं असतं, कुठे सोयाबीनवर अळी आलेली असते, कोरेगाव भागात आल्याला आळवणी घालायची असते. सात-आठ पंप मारून झाल्यावर माणूस बांधाला टेकतो, पट्टे खांद्यावरून काढतो आणि पहिलं काम करतो ते हात झटकायचं. बोटांना मुंग्या आलेल्या असतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना अंगठा नीट साथ देत नाही. "पंप मारून हात भरून आला" एवढं म्हणून विषय संपतो.

तिकडे सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर शाळा सुटते, तेव्हा दप्तराच्या पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवून चालणारी पोरं दिसतात. ती स्टाइल म्हणून तसं चालत नाहीत. पट्टा खांद्यावर रुततो, तो थोडा उचलून धरला की बरं वाटतं, म्हणून अंगठे तिथे जातात.

पाठीवरच्या ओझ्याची चर्चा निघाली की सगळे कण्याबद्दल बोलतात. "कणा वाकडा होईल", "पोक येईल" असे मेसेज दर जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. पण जड ओझ्याने नस दाबली गेली, तर त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हातात दिसते. ती ओळखता आली तर पुढचं बरंच टळतं.

पट्ट्याच्या खाली काय असतं?

हाताला ताकद आणि संवेदना देणाऱ्या सगळ्या नसा मानेतून निघतात. मानेच्या खालच्या भागातून आणि छातीच्या अगदी वरच्या मणक्यापासून पाच मुळं बाहेर पडतात, ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचा एक जुडगा तयार होतो. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हा जुडगा मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून खाली येतो, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद जागेतून सरकतो आणि काखेतून हातात उतरतो. हाताला रक्त नेणारी धमनी आणि रक्त परत आणणारी शीर याच अरुंद जागेतून जातात.

आता बॅगेचा किंवा पंपाचा पट्टा कुठे बसतो ते आठवा. नेमका याच जागेच्या वर.

ओझं खांद्यावर आलं की दोन गोष्टी एकदम होतात. पट्टा वरून दाबतो आणि खांदा खाली-मागे ओढला जातो. त्यामुळे कॉलरबोन बरगडीकडे सरकतं आणि मधली जागा आणखी कमी होते. शिवाय मान आणि खांदा यांच्यातलं अंतर वाढल्याने नसा ताणल्या जातात. नस थोडा दाब सहन करते, थोडा ताणही सहन करते. दोन्ही एकत्र आणि तासन्‌तास आले की ती कुरकुरायला लागते. ही कुरकुर नसेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बोटांत ऐकू येते. कोपराचं हाड टेबलावर आपटलं की करंगळीत झिणझिण्या येतात ना, तसाच हा प्रकार.

रक्तपुरवठ्याचं गणितही याच्याशी जोडलेलं आहे. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला प्रवाह अडवायला साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मुलांच्या बॅगेच्या पट्ट्याखालचा दाब मोजला. वजनाच्या १० टक्के एवढंच ओझं असतानाही तो या मर्यादेच्या वर गेला. २०१३ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी जड बॅग घेतलेल्यांच्या खांद्याचे एमआरआय काढले. पट्ट्याखालचा मांसल भाग किती दबतो हे त्यांनी पाहिलं आणि ओझ्यामुळे बोटांची स्पर्शसंवेदना कमी होते, असं नोंदवलं. यामागचं कारण लष्करी होतं. बंदुकीच्या चापावर बोट असलेल्या माणसाला त्या बोटाची जाणीव कमी झाली तर काय, हा त्यांचा प्रश्न होता.

सैनिकांना हे आधी कळलं

या दुखण्याचं वैद्यकीय नावच 'रकसॅक पाल्सी' आहे, म्हणजे पाठपिशवीने आलेला हाताचा लुळेपणा. १९६० च्या दशकात अमेरिकेत लष्करी भरतीनंतरच्या प्रशिक्षणात अशा रुग्णांची नोंद झाली. फिनलंडच्या सैन्यातल्या तरुण जवानांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाखामागे दरवर्षी सुमारे ५४ जणांना पाठपिशवीमुळे या जुडग्याची इजा झाल्याचं आढळलं. आकडा छोटा वाटेल, पण ही सगळी विशीतली धडधाकट मुलं होती.

सातारा जिल्ह्यात हा विषय परका नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं, आणि अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' लागतंच. दोन्ही जिल्ह्यांतली पोरं भरतीची तयारी म्हणून पाठीवर वजन घेऊन डोंगर चढतात. त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. रकसॅक पाल्सीत बरेचदा दुखतच नाही. दुखलं असतं तर माणूस थांबला असता. इथे आधी हात जड वाटतो, मग बधिर होतो आणि एके दिवशी खांद्याच्या वर उचलता येत नाही. दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, हा समज इथे घात करतो.

यातली एक नस वेगळी सांगायला हवी. लाँग थोरॅसिक नावाची ही लांब नस खवाट्याला बरगड्यांशी घट्ट धरून ठेवणाऱ्या स्नायूला चालवते. ती दुखावली की खवाटा पाठीतून पंखासारखा बाहेर येतो. घरी तपासायचं असेल तर उघड्या अंगाने भिंतीसमोर उभं राहून दोन्ही तळवे भिंतीवर ठेवा आणि भिंत ढकला. मागे उभ्या असलेल्या माणसाला एका बाजूचा खवाटा जास्त उचललेला दिसला, तर ही नस तपासून घ्यायला हवी. अशा माणसाला डोक्यावरून बनियन काढणं, माळ्यावरचा डबा उतरवणं, केस विंचरणं जड जातं. बोटं ठणठणीत असतात, पण हात हवा तिथे पोहोचतच नाही.

सैन्यातल्या अनुभवातूनच त्यावरचा उपायही सापडला. पाठपिशवीला चौकट आणि कमरपट्टा असेल तर ही इजा कित्येक पटींनी कमी होते, असं अमेरिकी लष्करातल्या तुलनेत दिसलं. कारण सरळ आहे. कमरपट्टा घट्ट असला की वजन खांद्यावरून निघून कमरेच्या हाडांवर बसतं आणि कमरेच्या हाडांवरून हाताची कुठलीही नस जात नाही.

शेतातल्या पंपाला कमरपट्टा कुठे असतो?

सांगली-साताऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

१६ लिटरच्या पंपात पाणीच १६ किलो असतं. रिकाम्या पंपाचे चार-पाच किलो धरले तर पाठीवर वीस किलो येतात. ६० किलोच्या माणसासाठी हे त्याच्या वजनाच्या एक तृतीयांश झालं. तणनाशकाला एकरी साधारण २०० लिटर पाणी धरलं, तर बारा-तेरा पंप. म्हणजे बारा-तेरा वेळा वीस किलो उचलून पाठीवर घ्यायचे आणि चिखलातून, सरीतून चालायचं. पट्टे दीड-दोन इंची, पातळ, बऱ्याचदा गादी नसलेले. तुटले की सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबने बांधलेले. सुतळीची रुंदी किती आणि तिच्याखाली दाब किती वाढतो, याचा हिशेब कुणीही करू शकेल.

त्यात हातपंप असेल तर एक हात सतत दांडा मारतो आणि दुसरा नोझलची नळी धरतो. म्हणजे खांदा दाबलेला, नस ताणलेली, आणि त्याच वेळी त्या हाताकडून काम चालू. पाठीवरचं नुसतं ओझं आणि पाठीवरचा पंप यांत हा मोठा फरक आहे.

चार्जिंगच्या पंपाने दांडा सुटला, पण आत बॅटरी आली, म्हणजे वजन थोडं वाढलं. पेट्रोलवरच्या पंपाला इंजिन असतं. तो भरला की २० किलोच्या वर सहज जातो आणि शिवाय थरथरतो. सतत थरथरणारं यंत्र वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, गारठ्यात बोटं पांढरी पडतात, सुई-दोरा किंवा शर्टाचं बटण नीट धरता येत नाही. हा वेगळा आजार आहे आणि तो पट्ट्याच्या त्रासात मिसळून जातो.

तासगाव, मिरज भागातल्या मोठ्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरचे ब्लोअर आले आणि तिथल्या बागायतदाराची पाठ सुटली. ज्याच्याकडे अर्धा एकर ऊस आहे, किंवा जो दुसऱ्याच्या रानात रोजाने औषध मारतो, त्याची सुटलेली नाही. ओझं वाहणाऱ्यांच्या हक्कासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील याच सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि बाजारपेठेतल्या हमालाला ओळख मिळाली. रानात पंप वाहणाऱ्याकडे मात्र हमाल म्हणून कुणी बघत नाही.

मुंग्या पट्ट्याच्या की औषधाच्या?

फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळून चालत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. औषधांमुळेही मुंग्या येतात, त्यामुळे गल्लत होऊ शकते.

पट्ट्याच्या मुंग्या पंप पाठीवर असताना वाढतात आणि उतरवला की थोड्या वेळात कमी होतात. त्या बहुतेक एका हातात जास्त असतात आणि त्यांच्याबरोबर खांदा, मानेची बाजू जड वाटते. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा अंगाला थेट स्पर्श झाला तर चेहरा, हात, जिथे औषध लागलं तिथली कातडी चुरचुरते. धुतल्यावरही काही तास हे चालतं, पण साधारण दिवसभरात ओसरतं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या गटातल्या औषधांची बाधा मात्र फक्त बोटांत राहत नाही. घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, मळमळतं, अंधुक दिसतं, स्नायू फडफडतात, छातीत घरघर होते. यातलं काहीही दिसलं तर पट्ट्याचा विचार बाजूला ठेवायचा. कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर न्यायचं. डॉक्टरला औषधाचं नाव कळणं फार गरजेचं असतं.

पंपाचा त्रास कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे तो पूर्ण न भरणं. १० लिटरच भरला तर पाठीवर पंधराच्या आसपास किलो येतात. पण इथे एक खाच आहे. आपल्याकडे औषधाचं प्रमाण 'पंपाला एवढं' असंच सांगतात. १५ लिटरला ३० मिली असेल तर ते लिटरला २ मिली झालं, म्हणजे १० लिटरला २० मिली. पंप अर्धा भरून औषध मात्र पूर्ण पंपाचं टाकलं तर पिकालाही त्रास आणि मारणाऱ्यालाही. दुसरी अडचण म्हणजे फेऱ्या वाढतात. २०० लिटरला बारा-तेराच्या जागी वीस फेऱ्या होतात. उक्त्यावर काम घेतलेला मजूर हे ऐकेल का? अवघड आहे. म्हणून हे रानाच्या मालकाने ठरवायला हवं.

बाकीच्या गोष्टी स्वस्तातल्या आहेत. पट्ट्याखाली जाड कापडाची किंवा फोमची रुंद घडी शिवून घ्यायची आणि ती रोज धुवायची, नाहीतर तीच औषध पिऊन बसते. पंप जमिनीवरून न उचलता कमरेएवढ्या उंच बांधावर, कठड्यावर किंवा पिंपावर ठेवून पाठीवर घ्यायचा. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे ठेवायचे. दर दोन-तीन पंपांनंतर पाच मिनिटं खांदे मोकळे करायचे. शक्य असेल तिथे एचटीपी पंप आणि लांब पाइप भाड्याने आणायचा. पाठीवर पंपच नसेल तर निम्मी गोष्ट तिथेच संपते.

आणि दप्तर?

शाळेच्या दप्तराने मुलाची नस कायमची गेली, असं सहसा होत नाही. दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो, म्हणजे स्कोलिओसिस होतो, यालाही पुरावा नाही. मेसेज पुढे पाठवण्याआधी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. पण दप्तर उतरवल्यावर खांद्यावर लाल वळ दिसणं, बोटं जड वाटणं, पहिल्या तासाला लिहिताना हात भरून येणं हे घडू शकतं आणि ते टाळता येतं. दप्तर एकाच खांद्याला लटकवायची सवय असेल तर सगळा ताण त्याच बाजूला जातो, आणि बहुतेक मुलं ज्या हाताने लिहितात त्याच खांद्याला ते लावतात.

नियम आहेत. महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं ठरवलं. पुढच्याच वर्षी चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेऊन दप्तराचं ओझं पेलत नसल्याचं सांगितलं होतं. म्हणजे नियम कागदावर होता आणि दप्तर पाठीवर. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच १० टक्क्यांची मर्यादा आहे. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५, सहावी-सातवीला २ ते ३, आठवीला २.५ ते ४, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. बालवाडीला दप्तरच नाही.

आता घरच्या वजनकाट्यावर बघा. जाड कापडाचं रिकामं दप्तर पाऊण-एक किलोचं असतं. लिटरची भरलेली बाटली एक किलोच्या वर, डबा अर्धा किलो. तिसरीतल्या मुलाची मर्यादा एकही पुस्तक न ठेवता जवळपास संपली. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल तर एक किलो तिथेच कमी होतो, म्हणून दप्तराचा प्रश्न हा शाळेच्या पाण्याच्या टाकीचाही प्रश्न आहे. राज्याने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यातच वहीची कोरी पानं जोडण्याचा प्रयोग केला. वह्या काही कमी झाल्या नाहीत आणि २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला.

ट्रेकला जाणाऱ्यांना थोडक्यात. वासोट्याला किंवा सज्जनगडाला जाताना कमरपट्टा लोंबकळत ठेवून फोटो चांगला येतो, पण सगळं वजन खांद्यावर राहतं. आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे. छातीवरचा आडवा पट्टा लावला की खांद्याचे पट्टे काखेकडे घसरत नाहीत. चालताना बोटं सुजल्यासारखी झाली, निळसर दिसली तर बॅग उतरवा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

ओझं उतरवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मुंग्या गेल्या तर काळजीचं कारण नाही, ओझं कमी करणं पुरे. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल, हातातून पेला निसटत असेल, कोपर वाकवताना किंवा हात बाजूला उचलताना जोर कमी वाटत असेल, खवाटा बाहेर आला असेल, एक हात दुसऱ्यापेक्षा गार किंवा सुजलेला असेल, तर हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही हात बधिर होऊन चालतानाही तोल जात असेल तर त्याच दिवशी जा. तो मानेच्या मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो.

सगळ्या मुंग्या ओझ्याच्या नसतात, हेही डॉक्टर तपासतील. रात्री झोपेतून उठवणाऱ्या, अंगठा-तर्जनी-मधल्या बोटातल्या मुंग्या बहुतेक मनगटातल्या नसेच्या, म्हणजे कार्पल टनेलच्या असतात. मान फिरवली की हातात कळ जात असेल तर मणक्याचा संशय घेतात. मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यांना कमी दाबही पुरतो. काही जणांना जन्मतः मानेत एक जास्तीची छोटी बरगडी असते. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. तिच्यामुळे ती अरुंद जागा आणखी अरुंद असते. अशा माणसाला इतरांना सोसणारं ओझंही सोसत नाही आणि साध्या एक्स-रेत ही बरगडी दिसून येते.

नसेची इजा किती हे बघायला नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी अशा तपासण्या असतात. इजा झाल्या झाल्या त्या केल्या तर पूर्ण चित्र दिसत नाही, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन आठवडे थांबायला सांगतात. तोवर ओझं पूर्ण बंद आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम चालू. मालिश करून किंवा मान 'मोडून' घ्यायला जाऊ नका, ताणलेल्या नसेला आणखी ओढ बसते. नुसती दबलेली नस काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सावरते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतात. खांद्यापासून बोटापर्यंतचं अंतर टेपने मोजलं तर किती महिने लागतील याचा अंदाज येतो.